परम आणि एका (महासंगणक)

परम आणि एका ही पुणे येथे घडवण्यात आलेल्या महासंगणकांची नावे आहेत. 'परम' ही प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) या शासकीय संस्थेने १९९१ पासून विकसित केलेल्या महासंगणकांची मालिका आहे. 'एका' हा टाटा उद्योगसमूहातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज (सीआरएल) या कंपनीने २००७ मध्ये उभारलेला महासंगणक होता. ही दोन्ही यंत्रे आपापल्या काळात प्रस्थापितांसमोर नवे प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली. परम हा अमेरिकी महासंगणकांना पर्याय म्हणून पुढे आला, आणि परम प्रस्थापित झाल्यावर त्याच शहरात एका त्याच्यासमोर उभा राहिला. नव्या यंत्राच्या आगमनाने जुन्या निर्मात्याला आपल्या यंत्राची रचना, त्याचा वेग आणि विक्रीच्या अटी यांचा फेरविचार करावा लागतो. ही प्रक्रिया आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी पुण्यातील या इतिहासात स्पष्टपणे दिसतात.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात महासंगणक म्हटले की प्रामुख्याने अमेरिकेतील क्रे रिसर्च या कंपनीचे नाव घेतले जाई. सेमूर क्रे यांनी स्थापन केलेल्या या कंपनीचा पहिला महासंगणक क्रे-१ हा १९७६ मध्ये लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत बसवण्यात आला. त्याचा कमाल वेग १६० मेगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १६ कोटी दशांश-क्रिया इतका होता. १९८२ मध्ये क्रे एक्स-एमपी हे पुढचे यंत्र आले. अशी यंत्रे हवामानाच्या अंदाजासाठी जितकी उपयुक्त, तितकीच अण्वस्त्रांच्या व क्षेपणास्त्रांच्या आराखड्यांसाठीही उपयुक्त असल्याने त्यांच्या निर्यातीवर अमेरिकी शासनाचे कडक नियंत्रण होते.

भारताला मध्यम पल्ल्याच्या, म्हणजे काही दिवस आधी देता येणाऱ्या हवामान अंदाजासाठी महासंगणक हवा होता. त्यासाठी क्रे एक्स-एमपी/२४ या दोन प्रक्रियकांच्या यंत्राची मागणी करण्यात आली. वाटाघाटींनंतर अमेरिकेने एक्स-एमपी/१४ हे एका प्रक्रियकाचे, कमी क्षमतेचे यंत्र देण्यास संमती दिली. त्याचा वापर केवळ ठरलेल्या कामासाठीच होईल अशा अटी त्यासोबत होत्या. हे यंत्र नवी दिल्लीतील मौसम भवनात बसवण्यात आले.

या व्यवहारातून प्रस्थापित निर्मात्याचे बळ दिसून येते. ग्राहकासमोर दुसरा पर्याय नसल्यामुळे यंत्र कोणते द्यायचे, कधी द्यायचे आणि ते कशासाठी वापरायचे, या तिन्ही गोष्टी विकणाऱ्या देशाच्या हाती राहिल्या.

सी-डॅकची स्थापना

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या अंतर्गत १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅकची स्थापना झाली. संस्थेला तीन वर्षांत देशी महासंगणक तयार करण्याचे उद्दिष्ट देण्यात आले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे ११ ऑक्टोबर १९४६ रोजी जन्मलेले डॉ. विजय भटकर हे या संस्थेचे संस्थापक कार्यकारी संचालक होते. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारात संस्थेचे काम सुरू झाले. भटकर यांना पुढे पद्मश्री (२०००) आणि पद्मभूषण (२०१५) हे सन्मान मिळाले.

समांतर संगणन

क्रे यांच्या जुन्या यंत्रांचा भर थोड्या पण अतिशय वेगवान प्रक्रियकांवर होता. असे प्रक्रियक आणि त्यांच्यासाठी लागणारी शीतकरण व्यवस्था तयार करण्याची क्षमता त्या काळी भारतात नव्हती. त्यामुळे सी-डॅकने समांतर संगणनाचा मार्ग निवडला. या पद्धतीत एक मोठे गणित अनेक भागांत विभागले जाते आणि बाजारात मिळणारे साधे प्रक्रियक मोठ्या संख्येने एकत्र जोडून ते भाग एकाच वेळी सोडवले जातात.

हवामानाच्या गणिताच्या उदाहरणावरून ही पद्धत व तिच्यातील अडचण समजते. नकाशाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक प्रक्रियकाकडे काही चौकोन सोपवले जातात. परंतु बीड जिल्ह्यावरील चौकोनातील पुढील तासाचे तापमान, आर्द्रता व वारा काढायचा असेल, तर शेजारच्या लातूर, परभणी व अहिल्यानगर या जिल्ह्यांवरील चौकोनांत काय घडत आहे हेही ठाऊक असावे लागते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर प्रक्रियकांना परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करावी लागते. हे दळणवळण संथ असेल, तर प्रक्रियक कितीही वाढवले तरी ते एकमेकांची वाट पाहत राहतात आणि यंत्राचा एकूण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे प्रक्रियकांना जोडणारे जाळे आणि त्यांच्यात काम वाटून देणारी आज्ञावली हे समांतर महासंगणकाचे खरे मर्म ठरते. सी-डॅकने आपले बरेचसे प्रयत्न याच दोन अंगांवर केंद्रित केले. संस्थेने पुढे विकसित केलेले जोडणी-जाळे 'परमनेट' या नावाने ओळखले जाते.

परम ८०००

१९९० मध्ये तयार झालेले नमुना यंत्र झ्युरिक येथील महासंगणक प्रदर्शनात मांडण्यात आले. १९९१ मध्ये परम ८००० या महासंगणकाचे अनावरण झाले. 'पॅरलल मशीन' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून परम हे नाव घेण्यात आले. संस्कृतातील 'सर्वश्रेष्ठ' हा अर्थही त्यात अभिप्रेत आहे.

या यंत्रात इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरमध्येच शेजारच्या प्रक्रियकांशी जोडणी करण्याचे चार दुवे असल्याने समांतर रचनेसाठी ते सोयीचे होते. २५६ प्रक्रियकांच्या पूर्ण विस्तारात यंत्राचा सैद्धांतिक वेग सुमारे १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १ अब्ज दशांश-क्रिया इतका होता. प्रत्यक्ष गणितांमध्ये मिळणारा वेग याहून बराच कमी असे. मॉस्को येथील संगणकीय आराखडा संस्थेतही परम ८००० बसवण्यात आला. त्यानंतरच्या परम ८६०० मध्ये इंटेलच्या आय८६० प्रक्रियकांची जोड देण्यात आली.

प्रस्थापित निर्मात्यांवरील परिणाम

समांतर यंत्रांचा दबाव क्रे कंपनीवर जगभरातून येत होता. अमेरिकेतच थिंकिंग मशीन्स, इंटेल व एनक्यूब या कंपन्या समांतर महासंगणक विकत होत्या, तर जपानमध्ये फुजित्सू व एनईसी यांची वेगवान यंत्रे तयार होत होती. १९९३ च्या जूनमध्ये जगातील पहिल्या ५०० महासंगणकांची 'टॉप५००' ही यादी प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिला क्रमांक थिंकिंग मशीन्सच्या सीएम-५ या समांतर यंत्राला मिळाला. त्याच वर्षी क्रे रिसर्चने डीईसी कंपनीचे अल्फा प्रक्रियक वापरून टी३डी हे आपले पहिले मोठे समांतर यंत्र बाजारात आणले. आपल्या यशाचा पाया असलेली रचना पद्धती सोडून प्रतिस्पर्ध्यांची पद्धत स्वीकारण्याची वेळ प्रस्थापित निर्मात्यावर आली, हे या बदलाचे महत्त्व होय. क्रे रिसर्च १९९६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत विलीन झाली.

निर्यातीच्या अटींमध्येही बदल झाले. अमेरिकी शासनाने १९९५ मध्ये निर्यात नियंत्रणाच्या मर्यादा वाढवल्या. भारताचा समावेश असलेल्या देशांच्या गटाला नागरी वापरासाठी सेकंदाला ७,००० दशलक्ष सैद्धांतिक क्रिया करणाऱ्या यंत्रांपर्यंत स्वतंत्र परवान्याची अट शिथिल झाली. या बदलाचे श्रेय केवळ परमला देता येत नाही. बाजारात सहज मिळणारे प्रक्रियक इतके वेगवान झाले होते की जुन्या मर्यादा राबवणेच कठीण होते. मात्र साध्या प्रक्रियकांपासून महासंगणक घडवता येतो हे एखाद्या देशाने प्रत्यक्ष दाखवून दिल्यावर त्याला यंत्र नाकारण्याला फारसा अर्थ उरत नाही. परमने नेमके हेच दाखवून दिले होते. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर भारतावर पुन्हा निर्बंध आले, तेव्हा देशी क्षमतेचे हे महत्त्व अधिक जाणवले.

देशांतर्गत प्रयत्न

महासंगणकाच्या विकासाचे काम शासनाने एकाच संस्थेकडे सोपवले नव्हते. बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ मध्येच 'फ्लोसॉल्व्हर' हे समांतर यंत्र हाती घेतले होते. विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे गणित सोडवणे हा त्याचा मूळ हेतू होता. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम' मालिका, हैदराबाद येथील संरक्षण संशोधन क्षेत्रातील 'अनुराग' या संस्थेने 'पेस' मालिका, तर सी-डॉटने 'चिप्स' हे यंत्र विकसित केले. यांपैकी बहुतेक यंत्रे मुख्यतः त्या त्या संस्थेच्या गरजेसाठी तयार झाली होती. इतरांना विकता येईल व अनेक प्रकारच्या कामांसाठी वापरता येईल अशी मालिका म्हणून परमची ओळख सर्वांत व्यापक झाली.

परम १०००० आणि परम पद्म

१९९८ मध्ये सादर झालेल्या परम १०००० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रक्रियक वापरले होते. त्याची रचना १०० गिगाफ्लॉप्सपर्यंत वाढवता येईल अशी होती. त्यानंतर बंगळूर येथे उभारलेल्या परम पद्म या यंत्राने सुमारे १ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १ लाख कोटी दशांश-क्रिया इतका कमाल वेग गाठला. त्यात आयबीएमचे पॉवर४ प्रक्रियक होते. जून २००३ च्या टॉप५०० यादीत परम पद्म १७१ व्या स्थानी होता.

याच सुमारास जागतिक पातळीवर स्पर्धेचे एक ठळक उदाहरण घडले. २००२ मध्ये जपानच्या 'अर्थ सिम्युलेटर' या महासंगणकाने ३५.८६ टेराफ्लॉप्स वेग गाठून अमेरिकी यंत्रांना मोठ्या फरकाने मागे टाकले. अमेरिकेत त्यानंतर महासंगणकांकडे नव्याने लक्ष दिले गेले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आयबीएमच्या ब्लू जीन/एल या यंत्राने पहिले स्थान परत मिळवले.

एका

नोव्हेंबर २००७ च्या टॉप५०० यादीत पुण्यातील 'एका' या यंत्राला जगात चौथे आणि आशियात पहिले स्थान मिळाले. संस्कृतमधील 'एक' या संख्येवरून त्याचे नाव ठेवण्यात आले होते. त्याचा मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स होता. परम पद्मच्या कमाल वेगाच्या तुलनेत तो शंभरपटीहून अधिक होता.

एका सीआरएल या टाटा सन्सच्या उपकंपनीने उभारला होता. रैखिक प्रायोजनाच्या पद्धतीसाठी १९८४ पासून जगभर ओळखले जाणारे गणितज्ञ नरेंद्र करमरकर हे कंपनीच्या सुरुवातीच्या काळात तिच्याशी संबंधित होते. यंत्रात ह्युलेट-पॅकार्डचे सर्व्हर, इंटेलचे झिऑन प्रक्रियक आणि इन्फिनिबँड हे जोडणी-जाळे वापरले होते. प्रक्रियकांच्या गाभ्यांची संख्या १४,२४० होती. कपाटांची मांडणी जवळजवळ वर्तुळाकार ठेवून त्यांना जोडणाऱ्या तारांची लांबी कमी करण्यात आली होती. प्रकल्पाचा खर्च सुमारे ३ कोटी डॉलर होता. शासकीय निधीशिवाय एका खासगी भारतीय कंपनीने उभारलेले आणि संगणन सेवा उद्योगांना विकण्याच्या हेतूने चालवलेले यंत्र म्हणून एकाचे वेगळेपण होते.

परम युवा आणि परम युवा-२

एकाच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, सी-डॅकने पुण्यात परम युवा हा महासंगणक कार्यान्वित केला. त्याचा कमाल वेग ५४ टेराफ्लॉप्स होता व टॉप५०० यादीत त्याला ६९ वे स्थान मिळाले. म्हणजे प्रस्थापित संस्थेचे नवे यंत्र त्याच शहरातील प्रतिस्पर्ध्याच्या निम्म्या वेगापर्यंतच पोहोचले होते. त्यातील परमनेट-३ हे जोडणी-जाळे मात्र सी-डॅकचे स्वतःचे होते. अशा यंत्राच्या आखणीस काही वर्षे लागत असल्याने परम युवा हे केवळ एकाला दिलेले उत्तर मानता येत नाही. तथापि एकानंतर भारतीय महासंगणकांचे मोजमाप बदलले. 'देशातील सर्वांत वेगवान' एवढे बिरुद पुरेसे राहिले नाही आणि जागतिक यादीतील स्थानाची चर्चा होऊ लागली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये सादर झालेल्या परम युवा-२ मध्ये या बदलाचे प्रतिबिंब दिसते. सुमारे १६ कोटी रुपये खर्चून तीन महिन्यांत उभारलेल्या या यंत्राचा कमाल वेग ५०० टेराफ्लॉप्सहून अधिक, म्हणजे आधीच्या युवाच्या जवळपास दहापट होता. त्याची विजेची गरज मात्र युवापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होती. जून २०१३ च्या यादीत त्याला पुन्हा ६९ वेच स्थान मिळाले. पाच वर्षांत वेग दहापट वाढवूनही स्थान तेच राहिले, यावरून या क्षेत्रातील प्रगतीची गती लक्षात येते.

एकाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडला. वेग १३२.८ टेराफ्लॉप्सपर्यंत वाढवल्यानंतरही जून २००८ मध्ये त्याचे स्थान आठवे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेरावे झाले. २०१२ मध्ये सीआरएल ही कंपनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ताब्यात घेतली.

मोजमाप आणि मर्यादा

टॉप५०० यादी दरवर्षी जून व नोव्हेंबर महिन्यांत प्रसिद्ध होते. तिच्यातील क्रमांक 'लिनपॅक' या चाचणीवर ठरतो. या चाचणीत रैखिक समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवावा लागतो. हवामान, औषधनिर्मिती किंवा भूगर्भशास्त्रातील गणिते वेगळ्या स्वरूपाची असल्याने यादीतील वरचे स्थान म्हणजे प्रत्येक कामातील श्रेष्ठता नव्हे. विजेच्या काटकसरीसाठी 'ग्रीन५००' ही स्वतंत्र यादी केली जाते.

परम आणि एका यांच्याविषयी एक आक्षेप कायम घेतला जातो. दोन्ही यंत्रांतील प्रक्रियक परदेशी होते. स्वदेशी होती ती यंत्राची रचना, काही प्रमाणात जोडणी-जाळे, आज्ञावली आणि हे सर्व एकत्र बांधण्याचे कौशल्य. एकामध्ये तर सर्व्हरही परदेशी कंपनीचे होते. प्रक्रियक न मिळाल्यास असा महासंगणक उभा राहू शकत नाही, त्यामुळे हे स्वावलंबन अपुरे आहे, असे टीकाकार म्हणतात. समर्थकांच्या मते एकाच प्रकारच्या बंद यंत्रावर अवलंबून राहण्यापेक्षा अनेक पुरवठादारांकडून मिळणाऱ्या भागांवर अवलंबून राहणे कमी जोखमीचे आहे. इन्मॉस, इंटेल, सन व आयबीएम असे प्रक्रियक बदलत जाऊनही परम मालिका चालू राहिली, याचा दाखला त्यासाठी दिला जातो.

हवामान अंदाज

ज्या गरजेतून भारताने महासंगणकाचा शोध सुरू केला, ती गरज आजही सर्वांत निकडीची आहे. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथसारख्या भागात खरिपाची पेरणी प्रामुख्याने पावसावर अवलंबून असते. पहिल्या सरीनंतर मोठा खंड पडल्यास दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्यावर येतो. २०१३ च्या दुष्काळात परळी येथील औष्णिक विद्युत केंद्रही पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. अशा प्रदेशात काही दिवस आधी मिळणारा व तालुक्यापुरता नेमका अंदाज मोलाचा असतो. अंदाज जितक्या लहान क्षेत्राचा, तितके नकाशावरील चौकोन लहान व संख्येने अधिक असतात, आणि तितका संगणक वेगवान लागतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा सुमारे ४ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. त्याच्यामुळे जागतिक अंदाजाचे चौकोन १२ किलोमीटरपर्यंत लहान करता आले. हे यंत्र क्रे या नावानेच पुन्हा उभ्या राहिलेल्या अमेरिकी कंपनीचे होते. तीस वर्षांपूर्वी ज्या नावाचे मोठे यंत्र मागूनही मिळाले नव्हते, त्याच नावाचे अत्याधुनिक यंत्र आता व्यापारी खरेदीतून पुण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये याच संस्थेत 'अर्क' ही नवी प्रणाली कार्यान्वित झाली. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकोनांवर आधारित 'भारत फोरकास्ट सिस्टिम' राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

सद्यस्थिती

२०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मंजुरी मिळाली. त्याअंतर्गत वाराणसी येथील परम शिवाय (२०१९), पुण्याच्या आयसर या संस्थेतील परम ब्रह्म आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परम प्रवेग (२०२२) ही यंत्रे उभी राहिली. सी-डॅकच्या पुणे केंद्रातील परम सिद्धी-एआय हे यंत्र नोव्हेंबर २०२० च्या टॉप५०० यादीत ६३ व्या स्थानी होते, तर 'ऐरावत' हे यंत्र जून २०२३ मध्ये ७५ व्या स्थानी होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे परम रुद्र या नावाचे तीन महासंगणक कार्यान्वित झाले. त्यांतील पुण्याचे यंत्र खोडदजवळील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांसाठी वापरले जाते. या यंत्रांतील 'रुद्र' सर्व्हरची रचना सी-डॅकने केलेली आहे. प्रक्रियक अद्याप परदेशी असले, तरी १९९१ मध्ये जोडणी व आज्ञावलीपुरते मर्यादित असलेले देशी काम आता सर्व्हरच्या रचनेपर्यंत पोहोचले आहे.